सिन्नरमधलं आइसलँड

डॉक्टरांच्या हॉलमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं. फोन वेताच्या टोपलीत ठेवायचा. आल्बम एकदा सुरू झाला की संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही. गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमायचो. डॉक्टर हाडांचे. दोन्ही स्पीकर त्यांच्या छातीएवढे उंच होते, आणि ते कुठून, कसे आणले हे प्रत्येक नव्या माणसाला ऐकून घ्यावं लागे.

मी सिन्नरचा. तिथल्या मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून निघतात, ते मी तपासतो आणि पास-नापास करतो. ग्रुपमध्ये मला नावाने कुणी हाक मारत नसे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठून आलास?" मी सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी 'सिन्नर' झालो. "अरे सिन्नर, जरा पंखा लाव." "सिन्नरला विचारा, त्याच्याकडे लाइट गेली असेल." मला त्याचं काही वाटत नव्हतं. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, हेच मला इतकं मोठं वाटत होतं, की त्यांनी मला काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

हे संगीत काय असतं ते मला घरी कधी सांगता आलं नाही. गाणं वीस-वीस मिनिटांचं, ठेका मधेच मोडतो, अर्धा वेळ कुणी गातच नाही. माझी आई म्हणायची, "काय रे ह्ये, नुसतं धाड धाड. पण झोप लय चांगली लागती त्यानं." घरातलं तेवढंच कौतुक.

ग्रुपचा रिवाज असा होता, की दर रविवारी एकाने एक आल्बम सुचवायचा. आदल्या दिवशी व्हॉट्सॅपवर त्याबद्दल लिहायचं, रविवारी ते सगळ्यांसमोर वाचायचं, मग आल्बम लावायचा. संपल्यावर डॉक्टर त्याची चिरफाड करत. खरं म्हणजे लोक त्यासाठीच येत. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी एकदा मोठ्या हौसेने एक चिलीचा आल्बम आणला होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर डॉक्टरांनी हात वर केला आणि म्हणाले, "बंद करा. पेशंट गेला." सगळे हसले. काकाही हसले. पुढे ते येत राहिले, पण त्यांनी पुन्हा काही सुचवलं नाही. माझी पाळी आली की मी डॉक्टरांच्या आवडीचं जुनं काहीतरी सुचवायचो आणि सुटायचो.

डॉक्टरांचं मत पक्कं होतं. जे काही चांगलं व्हायचं ते त्यांच्या कॉलेजच्या दिवसांच्या आधीच होऊन गेलं. त्यानंतरचं सगळं म्हणजे यंत्रावर केलेली नक्कल. या मताला उघड विरोध करणारी एकच व्यक्ती ग्रुपमध्ये होती, मॅडम.

मॅडमची दिंडोरी रोडला माती आणि पानदेठ तपासायची लॅब होती. द्राक्षवाले शेतकरी वेलीच्या पानांचे देठ कागदी पिशवीत घालून आणायचे, आणि बागेला काय कमी पडतंय ते त्या सांगायच्या. बागांमध्ये फिरणं बरंच, म्हणून गाडीत ऐकायला वेळ भरपूर. त्या फक्त नवे आल्बम सुचवायच्या, गेल्या दहा-पंधरा वर्षांतले. आणि लिहायच्या अशा, की ते वाचून मी कारखान्याच्या कँटीनमध्ये ताट बाजूला सारून आल्बम शोधायला लागायचो. एका फिनलंडच्या बँडबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "तिसऱ्या गाण्यात सहा मिनिटं काहीच घडत नाही, आणि ती सहा मिनिटं कापली तर उरलेला आल्बम फेकून द्यावा लागेल. घाई असेल त्यांनी ऐकू नये." तुर्कस्तानातल्या तिघांच्या एका आल्बमबद्दल, "यात ड्रमर भांडकुदळ आहे. बाकीचे दोघं त्याला समजावत राहतात. शेवटच्या गाण्यात तो ऐकतो, आणि मला तो आधीचाच बरा वाटला." मी तो ड्रमर आधी कितीदा ऐकला असेल. त्यांनी म्हणेपर्यंत मला त्याचं भांडण ऐकूच आलं नव्हतं.

डॉक्टर त्यांच्या आल्बमला 'पेशंट गेला' म्हणू शकत नव्हते. मॅडम शांतपणे म्हणत, "तुमचं पूर्ण ऐकून होऊ दे, मग सर्टिफिकेट द्या." लोक तेव्हाही हसायचे, पण वेगळ्या बाजूने. हे डॉक्टरांना लागत असणार. मला तेव्हा इतकं कळलं नव्हतं.

एका रविवारी सगळे गेल्यावर डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं. "तुला ते कॉम्प्युटरवर म्युझिक करता येतं ना रे? कीबोर्ड आहे म्हणालास मागे."

"थोडंफार."

"मग एक काम कर. एक आल्बम बनव. लांबलचक. कुठेही ठेका मोडायचा, मधेच शांत करायचं, शेवटी सगळं एकदम बडवायचं. कचरा चालेल, कचराच पाहिजे. आइसलँडचा बँड म्हणून मी मॅडमना पाठवतो. बघ त्या कशा पानभर लिहितात."

मी म्हणालो, "बनवतो."

मला काही बनवावं लागणार नव्हतं. आल्बम तयार होता. सात-आठ वर्षं मी तो करत होतो. आमच्या शॉपमध्ये एक जुना प्रेस होता, त्याची चाल जरा लंगडी. दर वेळी एक ठोका आखूड पडायचा. तो मोजला तर अकरा मात्रांचा ठेका निघत होता. फोनवर रेकॉर्ड करून मी तो घरी आणला आणि त्याच्यावर पहिलं मोठं गाणं उभं केलं. मधलं संथ गाणं आईच्या आजारपणातलं. ती शेजारच्या खोलीत पडून असायची. मी कानाला हेडफोन लावूनच वाजवायचो, पण कीबोर्डच्या पट्ट्यांचा टकटक आवाज व्हायचा आणि तेवढ्यानेही तिला जाग यायची. म्हणून पट्ट्या जेमतेम दाबायचो. ते गाणं पुरं व्हायच्या आधी ती गेली. त्यानंतर मी ते पुरं केलं.

हे मी कुणालाही ऐकवलं नव्हतं. कुणाला ऐकवणार? डॉक्टरांना माझं म्हणून दिलं असतं तर पेशंट पहिल्या मिनिटाला गेला असता. पण आता कुणीतरी ते पूर्ण ऐकणार होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मॅडम. माझं नाव त्यावर नसणार होतं. मला वाटलं, तेच बरं.

बनवायला वेळ लागला असं दिसावं म्हणून मी काही दिवस थांबलो. कव्हरसाठी एक फोटो होता, थंडीत धुकं पडलेल्या द्राक्षबागेचा, नुसत्या तारा आणि खांब दिसणारा. तो निळसर करून आल्बमबरोबर डॉक्टरांना पाठवला. बँडचं नाव त्यांनीच ठरवलं. त्यात अक्षरांवर बरीच टिंबं होती.

डॉक्टरांनी मॅडमना कळवलं, की एका पेशंटच्या मुलाने परदेशातून पाठवलंय, मला तर ऐकवत नाही, तुम्ही बघा. मधे एक रविवार गेला. मग शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. मी सेकंड शिफ्टला होतो. प्रेसच्या आवाजात उभं राहून तो मी वाचला.

त्यांनी लिहिलं होतं, की या वर्षात ऐकलेला सगळ्यात चांगला आल्बम हाच. पहिल्या गाण्यातला तो लंगडणारा ठेका माणसाच्या हाताचा नाही, एखाद्या बंदरातल्या यंत्राचा असावा, आणि हा माणूस त्या यंत्राबरोबर इतकी वर्षं राहिलाय, की त्याला ते लंगडणं आवडायला लागलंय. आणि मधल्या गाण्याबद्दल लिहिलं होतं, "याच्या बाहेर सगळीकडे बर्फ आहे. आत, बाजूच्या खोलीत, कुणीतरी झोपलंय. त्याला जाग येऊ नये म्हणून हा इतक्या हळू वाजवतोय."

मी मोबाइल खिशात ठेवला आणि पुढच्या लॉटचे भाग तपासायला घेतले. एक भाग नापास करायचा तो मी पास केला असेल, कोण जाणे. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि तो सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेहमीपेक्षा गर्दी होती. पुण्याहून त्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांची बायको आली होती. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं असावं, कारण ते एकमेकांकडे बघून ओठ दाबत होते. मॅडमनी उभं राहून आपलं लिहिलेलं वाचलं. आल्बम लागला. मी जमिनीकडे बघत बसलो. त्या स्पीकरवर माझं काम कसं वाजतं ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. आईच्या गाण्याला मेहुण्यांच्या बायकोने डोळे मिटले होते, ते मला दिसलं.

संपल्यावर डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, बँड कुठला म्हणालात?"

"आइसलँडचा. तुम्हीच सांगितलंत."

"आइसलँडमध्ये कुठे? मुसळगावला का?"

एकाला हसू फुटलं. मॅडमना काही कळलं नाही. डॉक्टर माझ्याकडे वळले. "अरे सिन्नर, उभा राहा. सांग मॅडमना. किती दिवस लागले हा आल्बम करायला?"

मी उभा राहिलो. "तीन दिवस."

"आणि ते बंदरातलं यंत्र?"

"आमच्या कारखान्यातला प्रेस आहे."

आता सगळे हसत होते. मेहुणे मांडीवर थाप मारत होते. डॉक्टरांनी मॅडमच्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "आत, बाजूच्या खोलीत, कुणीतरी झोपलंय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोण रे झोपलं होतं?"

मी म्हणालो, "कुणी नाही. मीच झोपेत वाजवत होतो."

त्या दिवशीचं सगळ्यात मोठं हसू त्या वाक्याला मिळालं. बँकेतले काका खोकेपर्यंत हसले. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. त्या हॉलमध्ये माझ्या बोलण्यावर असं कुणी कधी हसलं नव्हतं.

"हा कचरा आहे मॅडम," डॉक्टर म्हणाले. "ज्याने केला तोच सांगतोय. आणि तुम्ही म्हणताय वर्षातला सगळ्यात चांगला. आता तुमच्या त्या फिनलंडचं आणि तुर्कस्तानचं आम्ही काय समजायचं?"

मॅडमनी टोपलीतून फोन काढला. घाई केली नाही. दारात सँडलचा पट्टा लावताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे नाही. "छान जमलं तुम्हाला," म्हणाल्या आणि गेल्या.

सिन्नरला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर मी त्यांचा मेसेज पुन्हा वाचायला ग्रुप उघडला. तो त्यांनी डिलीट केला होता. त्याखाली मॅडम ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ होती. मी तो कुठे उतरवून ठेवला नव्हता. आठवत होतं तेवढं मनात म्हणत बसलो, पण त्यांचे शब्द कोणते आणि माझे कोणते, ते नाशिकरोड येईपर्यंतच घोटाळायला लागलं.

बरेच दिवस धीर झाला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या लॅबवर गेलो. द्राक्षांना फुलोरा येण्याचे दिवस होते, त्यामुळे गर्दी होती. बाकावर शेतकरी देठांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. मॅडमनी मला काचेतून बघितलं आणि आधी सगळ्यांना आत घेतलं. माझ्यानंतर आलेल्यांनासुद्धा. एकाने मला विचारलं, "तुमची बाग कुठं हाय?" मी म्हणालो, बाग नाही. तो म्हणाला, "मग इथं काय करताय?"

शेवटी त्या स्वतःच दारात आल्या. "बोला."

मी जे पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. म्हणालो, "मॅडम, ते तीन दिवसांत नव्हतं केलेलं. सात-आठ वर्षं लागली. कचरा म्हणून नव्हतं केलेलं. आणि तुम्ही ते लिहिलं होतं ना, बाजूच्या खोलीत कुणीतरी झोपलंय… ते खरं होतं. माझी आई होती. तुम्हाला ते कसं कळलं, मला माहीत नाही."

त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"मला फक्त एवढं विचारायचंय," मी म्हणालो, "तुम्ही जे लिहिलं, ते तुम्हाला खरंच वाटलं होतं ना?"

"आई होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि डॉक्टरांनी विचारलं, कोण झोपलं होतं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मी टेबलावरच्या हातमोज्यांकडे बघितलं.

"मी सांगते. कुणी नाही, म्हणालात. मी तिथे होते, मी ऐकलं. स्वतःच्या आईला तुम्ही त्या लोकांना हसायला दिलंत, आणि आता माझ्याकडे कौतुक मागायला आलात."

"मॅडम, मी घाबरलो होतो."

"ते मी एका आइसलँडच्या माणसासाठी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तो खरा असता तर मी त्याला पत्र लिहिलं असतं. तुमच्यासाठी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. तुमचा आल्बम कसा आहे ते तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. मी तुमच्यावर विश्वास ठेवते. कचरा आहे." मग त्यांनी माझ्या मागे बघितलं आणि आवाज चढवून विचारलं, "आणखी कुणी राहिलंय का?"

मी बाहेर आलो. रस्त्यावर उभं राहून एका रसवंतीवाल्याकडे पाणी मागितलं. त्याने आधी रस घ्या म्हटलं. घेतला, आणि तसाच ठेवून दिला.

आता सांगायला अवघड जातं, पण त्यानंतरही मी डॉक्टरांकडे जात राहिलो. दुसरीकडे जायला जागा नव्हती. तिथे तो आल्बम आता 'सिन्नर स्पेशल' झाला होता. कुणी नवा पाहुणा आला की डॉक्टर न सांगता दोन-चार मिनिटं लावायचे, पाहुण्याला मत विचारायचे, मग मला उभं करायचे. पाहुणा चांगलं म्हणाला तर जास्त मजा. मी माझी वाक्यं बोलायचो. तीन दिवस. प्रेस आहे. मीच झोपेत वाजवत होतो. कुठे थांबलं की हसू मोठं येतं, तेही मला कळायला लागलं होतं.

एकदा डॉक्टरांच्या ओळखीचे एक प्राध्यापक आले. त्यांना डॉक्टरांनी मधलं गाणं लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस लागले रे सिन्नर?" आणि मी म्हणालो, "सात-आठ वर्षं."

"काय?"

"सात-आठ वर्षं लागली. तुम्ही सांगायच्या आधीच तयार होता. हे गाणं माझ्या आईचं आहे. ती आजारी होती तेव्हाचं."

स्पीकरमधून तेच गाणं चालू होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता यांना कळेल. त्यांचा चेहरा खरोखर गंभीर झाला होता. काका पुढे झुकून बसले होते.

मग डॉक्टरांचा एक गाल हलला. "म्हणजे," ते म्हणाले, "तू मुद्दाम केलेला कचरा नाहीये हा?" आणि ते जे हसायला लागले, ते त्यांना आवरेना. सोफ्याचा हात धरून ते वाकले. "आठ वर्षं! अहो, आठ वर्षं! मी समजत होतो आपण मॅडमची गंमत केली!" बाकीचेही हसत सुटले. प्राध्यापकांना काही समजलं नव्हतं, ते सगळ्यांकडे बघून हसत होते. फक्त काका हसले नाहीत. ते माझ्याकडेही बघत नव्हते. गुडघ्यावरची पँट झटकत होते.

मी टोपलीतून फोन घेतला. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "अरे बस बस, चिडतो काय, कॉफी येतेय."

मी गेलो. ग्रुपमधून बाहेर पडलो. कुणाचा फोन आला नाही. महिन्याभराने काकांचा एक मेसेज आला, त्यात त्या चिलीच्या आल्बमची लिंक होती आणि बाकी काही नव्हतं. मी तो ऐकला. चांगला होता. शेवटचं गाणं तर फारच. तसं कळवावं म्हणून लिहायला घेतलं, आणि मग वाटलं, मी चांगला म्हटल्याने त्यांना काय मिळणार. उत्तर दिलं नाही. पुढे कळलं, ते मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले.

मॅडमना मी नंतर एकदाच पाहिलं, नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळच्या सिग्नलला. त्यांच्या गाडीच्या काचा वर होत्या आणि बोटं स्टिअरिंगवर ठेका धरत होती. काय ऐकत होत्या ते मला सांगता येणार नाही. मोजायचा प्रयत्न केला, पण सिग्नल सुटला.

आमच्या शॉपमधला तो प्रेस कंपनीने भंगारात काढला. नवा आहे तो सरळ चालतो, त्याच्यात मोजण्यासारखं काही नाही. मी अजून नवे आल्बम ऐकतो, शोधून शोधून ऐकतो. परवा कँटीनमध्ये शेजारच्या डिपार्टमेंटचा एक इंजिनिअर समोर येऊन बसला. म्हणाला, "सर, रोज कानात काय ऐकता हो इतकं? आम्हालाही सुचवा की काहीतरी."

मी म्हणालो, "बातम्या."